आरोग्य-संवाद : न सांगितलेली खाज आणि प्रकाशाचा उपचार



या अंकात गुडघेदुखीविषयी लिहीन असे मी मागील वेळी म्हटले होते. तो विषय पुढे ढकलते आहे, कारण मध्यंतरी एक पत्र आले. गोंदिया जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, तांदळाच्या व्यापारात असलेल्या घरातील सुनेचे ते पत्र आहे. त्यांच्या अनुमतीने, आणि कोणाची ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, त्यातील काही भाग येथे देते.

"आदरणीय डॉक्टर काकू, माझ्या सासूबाईंचे वय ६६ आहे. गेली सात-आठ वर्षे त्यांना खालच्या जागी खाज सुटते, रात्री फार. हे मला कळून अवघे तीन महिने झाले. त्या स्थानकात येतात, पण सामायिकास बसत नाहीत. गुडघे दुखतात असे सांगतात. खरे कारण हे की ४८ मिनिटे एका जागी त्यांना बसवत नाही. मेडिकलच्या दुकानातून नायट्याचे मलम मागवून त्या लावीत होत्या. मग तेथे पांढरे डाग दिसले. त्यांना वाटले, कोड आहे. माझ्या मुलीचे स्थळ पाहणे सुरू आहे, म्हणून त्यांनी कोणापाशी शब्द काढला नाही. कोणीतरी कोडावर बावचीचे तेल सांगितलेले त्यांनी ऐकले होते. ते लावले तेव्हा इतकी आग झाली की मला सांगावेच लागले. अहमदाबादचे माझे भाऊ म्हणतात, आता असा उपचार निघाला आहे की क्रीम लावून लाल दिव्याखाली पडून राहायचे. शस्त्रक्रिया नाही, टाके नाहीत. हे खरे आहे काय? आणि हा कर्करोग तर नसेल ना?"

पत्र वाचून मला आश्चर्य वाटले नाही. खंत मात्र वाटली. आपल्या गावांत औषधांचे दुकान ओळखीच्याच कोणाचे तरी असते. गल्ल्यावर दीर, भाचा किंवा यजमानांचे मित्र बसलेले असतात. तेथे जाऊन बाईने काय म्हणावे? मग नोकराच्या हाती चिठ्ठी जाते, चिठ्ठीवर फक्त 'खाजेचे मलम' असते, आणि दुकानातून येते ती बुरशीनाशक, प्रतिजैविक व स्टेरॉईड यांची खिचडी असलेली ट्यूब. चार दिवस बरे वाटते, पुन्हा खाज येते, पुन्हा ट्यूब येते. असे करता करता सात-आठ वर्षे निघून जातात.

ही गोष्ट केवळ आपल्या समाजाची आहे असे मात्र मानू नका. गोंदियाला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ते संशोधन १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील ९२ स्त्रियांना जननांगाचा एखादा ना एखादा विकार होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात अवघ्या ८ होत्या. या अभ्यासाने जगभरच्या वैद्यकांचे डोळे उघडले. त्या स्त्रियांपाशी पैसा नव्हता, दवाखाना दूर होता. आपल्या घरांत पैसा आहे, दाराशी गाडी आहे, नागपूर रेल्वेने अवघ्या दोन-अडीच तासांवर आहे. तरीही पत्रातील सासूबाईंची स्थिती त्या ९२ जणींपेक्षा फारशी निराळी नाही, हे मला बोचते.

आता आजाराकडे वळते. पत्र वाचूनच निदान सांगू नये, हा माझा नियम आहे. या जागेची खाज बहुतेक वेळा साध्या कारणाने असते: मधुमेहामुळे वाढणारी बुरशी, पाळी गेल्यानंतर येणारा कोरडेपणा, साबणाची किंवा पॅडची ॲलर्जी. म्हणून रक्तातील साखर तपासणे ही पहिली पायरी. परंतु वर्षानुवर्षांची खाज, रात्री वाढणारी, आणि सोबत पांढरी पडलेली त्वचा असे चित्र असेल, तर मनात पहिले नाव येते ते 'लायकेन स्क्लेरोसस' या विकाराचे. यात योनिमुखाबाहेरील त्वचा पतंगाच्या कागदासारखी पातळ, पांढुरकी व सुरकुतलेली होते. पुष्कळदा हा पट्टा गुदद्वाराभोवतीही पसरतो. त्वचेला बारीक चिरा पडतात, लघवी लागली की झोंबते, पतिपत्नीसंबंधात वेदना होतात. दुर्लक्ष झाल्यास योनिमुखाच्या पाकळ्या आक्रसून चिकटतात व मुख अरुंद होते. शरीराचीच संरक्षणयंत्रणा स्वतःच्या त्वचेवर उलटते, असे याचे स्वरूप मानले जाते. हा संसर्ग नव्हे, अस्वच्छतेचे फळ नव्हे, कोणाकडून लागत नाही आणि कोणास लागतही नाही. आणि हे कोड नव्हे. कोडात रंग जातो, पण त्वचा मऊ व निरोगी राहते. तेथे खाज व चिरा सहसा नसतात. तेव्हा नातीच्या लग्नाची चिंता सासूबाईंनी मनातून काढून टाकावी. पाळी सुरू न झालेल्या लहान मुलींनाही हा विकार होतो, हे मातांनी लक्षात ठेवावे. मुलगी लघवीला रडते, सतत हात नेते, म्हणून तिला रागावण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना दाखवावे.

कर्करोगाचा प्रश्न सुनेने भीत भीत विचारला आहे. त्याचे उत्तर सरळ देते. लायकेन स्क्लेरोसस हा कर्करोग नव्हे. मात्र उपचाराविना राहिलेल्या स्त्रियांपैकी शंभरात साधारण दोन ते पाच जणींना पुढे त्याच जागी त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. त्याआधी एक मधली अवस्था असते. पेशी बिघडलेल्या असतात, पण त्यांनी अजून त्वचेचा तळ ओलांडलेला नसतो. या अवस्थेला व्हीआयएन म्हणतात. तिचे दोन प्रकार आहेत. एक एचपीव्ही या विषाणूमुळे होणारा. तो तुलनेने तरुण स्त्रियांत दिसतो. दुसरा लायकेन स्क्लेरोससच्या पोटी जन्मणारा. तो उतारवयात दिसतो, विषाणूशी त्याचा संबंध नसतो, आणि कर्करोगाकडे तो अधिक वेगाने जातो. हा फरक नुसता नावाचा नाही. प्रकाशाचा उपचार कोणाला चालेल आणि कोणाला नाही, हे यावरच ठरते.

या प्रकाशाच्या उपचाराचे नाव फोटोडायनॅमिक थेरपी. त्याची कथा मला स्वतःला फार आवडते, म्हणून थोडी विस्ताराने सांगते. म्युनिक येथे प्राध्यापक टॅपायनर यांच्याकडे ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी ॲक्रिडिन या रंगद्रव्याचा सूक्ष्म जीवांवर होणारा परिणाम तपासत होता. तेच द्रावण, तेच जीव, परंतु एके दिवशी ते लवकर मरत आणि दुसऱ्या दिवशी तासन् तास जगत. त्या दुसऱ्या दिवशी वादळी हवा होती, आभाळ काळवंडले होते, असे सांगतात. रंगद्रव्य एकटे मारीत नाही, प्रकाशही एकटा मारीत नाही, दोन्ही एकत्र आले की मारतात, हे त्यातून उमगले. १९०० साली ते प्रसिद्ध झाले. १९०३ मध्ये टॅपायनर यांनी येझिओनेक या त्वचारोगतज्ज्ञासह इओसिन हे रंगद्रव्य लावून रुग्णांवर प्रकाश टाकला, आणि त्या पहिल्या रुग्णांत स्त्रियांच्या बाह्य जननांगावरील विकारही होते. त्याच वर्षी डेन्मार्कच्या फिनसेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे तर बावचीचे बी लावून उन्हात बसण्याची कोडावरील रीत शेकडो वर्षांची आहे. बावचीतील सोरालेन हे द्रव्य प्रकाशाने जागे होते, हे विज्ञानाने नंतर दाखविले. म्हणजे सासूबाईंनी हाती घेतलेले तेल आणि सुनेच्या भावांनी सांगितलेला लाल दिवा ही दूरची भावंडेच आहेत. तरीही बावची त्या नाजूक जागी कदापि लावू नये. तिने फोड येतात, आणि निदानाला उशीर होतो तो वेगळाच.

आजच्या उपचारात जे द्रव्य वापरतात ते अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल. ते परके नाही. रक्तातील लाल रंग तयार करताना आपले शरीर ते रोज बनविते. क्रीमच्या रूपाने ते जास्त दिले की पेशी त्याचे प्रोटोपॉरफिरिन नावाच्या द्रव्यात रूपांतर करतात. पुढच्या टप्प्यावर त्यात लोह जोडले जायचे असते, पण ते काम संथ चालते. आवक भरपूर आणि उठाव नाही, मग गोदामात माल साचावा तसे हे द्रव्य पेशीत साचते, आणि बिघडलेल्या पेशींत अधिक साचते. साधारण तीन तास क्रीम झाकून ठेवतात. नंतर सुमारे ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश काही मिनिटे त्या जागेवर सोडतात. साचलेले द्रव्य प्रकाश शोषते आणि ती ऊर्जा जवळच्या प्राणवायूला देते. प्राणवायू उग्र रूप धारण करतो आणि ती पेशी आतून जाळतो. हे उग्र रूप क्षणाच्याही लहानशा अंशात विरते, म्हणून शेजारची निरोगी त्वचा बहुतांशी वाचते. टाके नाहीत, व्रण जवळजवळ नाही, जागेचा आकार तसाच राहतो. ज्या स्त्रीच्या या भागावर एकदा मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, तिलाच या गोष्टीचे मोल कळेल. १९९० साली कॅनडातील वैद्यकांनी हे क्रीम त्वचेवर लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून हा मार्ग खुला झाला.

इथवर वाचून कोणासही वाटेल की मग हेच करावे. थोडे थांबावे. 'फक्त लाल दिव्याखाली पडून राहायचे' हे वर्णन पूर्ण खरे नाही. प्रकाश सुरू असताना जळजळ होते आणि या जागी ती चांगलीच तीव्र असते. पंख्याचा वारा, थंड पाण्याचा फवारा, कधी बधिर करणारे इंजेक्शन द्यावे लागते. नंतर काही दिवस सूज, लाली व लघवीच्या वेळी आग राहते. एका बैठकीत काम होईलच असे नाही. काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करावे लागते. लाल प्रकाश त्वचेत काही मिलिमीटरच उतरतो. त्यामुळे जाड, उंच वाढलेल्या किंवा काळसर डागावर, आणि केसांच्या मुळांशी खोल गेलेल्या बिघाडावर तो उणा पडतो. बरा झालेला डाग परत येण्याचेही प्रमाण कमी नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी की शस्त्रक्रियेत काढलेला भाग तपासता येतो आणि आत कर्करोग दडला होता का हे कळते. प्रकाशाने जाळल्यावर तपासण्यासाठी काहीच उरत नाही. म्हणून आधी बायोप्सी, मग बाकी सारे. आपल्याकडे 'तुकडा काढला की रोग पसरतो' अशी एक पक्की समजूत आहे. ती चुकीची आहे. जागा बधिर करून तांदळाच्या दाण्यापेक्षा किंचित मोठा तुकडा घेतात. त्याने काही पसरत नाही. न घेतल्याने मात्र रोग वाढत राहतो आणि आपल्याला कळत नाही.

म्हणून माझे मत असे आहे. एचपीव्हीमुळे झालेल्या, पातळ व मर्यादित व्हीआयएनमध्ये, बायोप्सीने कर्करोग नाही अशी खात्री झाल्यावर, अनुभवी केंद्रात फोटोडायनॅमिक थेरपी हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. तेथेही ती एकमेव नाही. इमिक्विमॉड हे क्रीम घरी लावता येते, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रियातील चाचणीत ते शस्त्रक्रियेच्या तुलनेत कमी ठरले नाही. उतारवयातील, लायकेन स्क्लेरोससमधून उद्भवलेल्या व्हीआयएनला मात्र प्रकाशाच्या हवाली करू नये. तेथे तो भाग काढणेच सुरक्षित. आणि साध्या लायकेन स्क्लेरोससला खाज शमविण्यासाठी हा उपचार काही ठिकाणी दिला जातो, चीनमध्ये तर बराच, तरीही तो पहिला उपचार नव्हे.

पहिला उपचार अगदी साधा आहे आणि त्याला लाल दिवा लागत नाही. क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉईडचे मलम, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पहिला महिना रोज रात्री, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा, पुढे गरजेप्रमाणे. बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढे पुरते, ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने चालावी. 'स्टेरॉईड' हा शब्द ऐकताच घरातील पुरुष मंडळी मान हलवितात. त्यांना एक आकडा सांगावा. व्यापाऱ्यांना आकडे समजतात. ऑस्ट्रेलियातील ५०७ स्त्रियांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी सांगितल्याप्रमाणे मलम नियमित लावले, अशा ३५७ जणींत एकीलाही कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था झाली नाही. ज्यांनी मधूनच सोडले, अशा १५० पैकी ७ जणींना झाली. दुकानातून आलेल्या खिचडी-मलमातही स्टेरॉईड असतो, मग फरक काय, असे कोणी विचारील. त्याची ताकद, प्रमाण आणि काळ यांपैकी काहीच कोणी ठरविलेले नसते, हा फरक. काही भगिनी मलमात प्राणिज घटक आहेत का, असेही विचारतात. मलमांचा पाया बहुधा पेट्रोलियम जेलीचा असतो, परंतु काहींत लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन असते.  शंका असल्यास डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, पर्याय मिळतो.

ओघाने एक सावधगिरी. मोठ्या शहरांतील काही सौंदर्य-चिकित्सालये 'लेझर'ने ही जागा 'तरुण' करून देण्याची जाहिरात करतात. ते लेझर आणि आपण येथे बोललो तो प्रकाश एक नव्हेत. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये अशा वापराविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. लायकेन स्क्लेरोससवर कार्बन डायऑक्साइड लेझर आणि नुसते लेझरचे सोंग यांची तुलना करणारी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पैसे मात्र खऱ्या लेझरचेच मोजावे लागतात.

घरात ९ ते १४ वर्षांच्या मुली असतील तर त्यांच्या एचपीव्ही लसीविषयी बालरोगतज्ज्ञांशी अवश्य बोला. पुण्याच्या सीरम संस्थेची सर्व्हाव्हॅक ही लस जानेवारी २०२३ पासून उपलब्ध आहे, या वयात दोन मात्रा पुरतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तिची ख्याती असली, तरी त्याच विषाणूमुळे होणाऱ्या या बाहेरील त्वचेच्या विकारालाही ती आळा घालते.

आता पत्रातील सासूबाईंकडे. मी सुनेला फोन केला आणि तपासणीविना एक शब्दही अधिक सांगणार नाही असे म्हटले. गोंदियात बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे, २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली तपासणी तेथे होऊ शकते. परंतु गावात कोणी पाहील, ही सासूबाईंची भीती मला ठाऊक होती, म्हणून नागपूरचाही मार्ग सांगितला. दोघी सकाळच्या गाडीने गेल्या. घरी सांगितले होते की लग्नासाठी साड्या पाहायच्या आहेत. (साड्या खरोखर घेतल्या, रिकाम्या हातांनी परतल्या असत्या तर संशय आला असता.)

तपासणीत लायकेन स्क्लेरोसस निघाला. एका बाजूस बोराएवढा जाडसर भाग होता, तेथून तुकडा घेतला. अहवाल आला: दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे विषाणूशी संबंध नसलेले व्हीआयएन. त्वचेचा तळ ओलांडलेला नाही. म्हणजे भावांनी सुचविलेला दिवा नेमका यांच्यासाठी नव्हता. तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढला, दुसऱ्या दिवशी घरी पाठविले. काढलेला संपूर्ण भाग तपासला, कर्करोग आढळला नाही. आता रात्रीचे मलम सुरू आहे आणि ठरावीक महिन्यांनी तपासणीस जायचे आहे. ते आयुष्यभर. सासूबाईंनी डॉक्टरांना विचारले म्हणे, "बरे झाल्यावरही यायचे?" डॉक्टर म्हणाल्या, "हो, बरे आहात हे पाहायलाच यायचे."

घरी खरी गोष्ट सांगावी लागली, कारण शस्त्रक्रिया साड्यांच्या नावाखाली खपत नाही. सासरे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला एवढेच विचारले की मलम संपण्यापूर्वी किती दिवस आधी मागवावे लागते, आणि ते स्वतः जाऊन दोन ट्यूब घेऊन आले.

सुनेचे दुसरे पत्र गेल्या आठवड्यात आले. त्यात दोन प्रश्न होते. पहिला, उपवासाच्या दिवसांत मलम चालते काय? चालते, ते पोटात जात नाही, आणि मध्येच थांबवू नये. दुसरा प्रश्न सासूबाईंचा होता, त्यांच्याच हस्ताक्षरात, खाली एका ओळीत लिहिलेला. स्थानकात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या एक भगिनी आहेत, त्याही बरीच वर्षे गुडघ्याचे कारण सांगून सामायिक टाळतात. त्यांच्याकडे हा विषय काढला तर चालेल काय?

मी उत्तर पाठविले आहे : अवश्य काढा. आणि त्यांना म्हणावे, नागपूरला जाताना सोबत म्हणून तुम्ही याल.